दूध पुरत नाही, हे ठरवायचे कशावरून?

प्रश्न : माझी नात अडीच महिन्यांची आहे. ती दर दीड-दोन तासांनी दूध मागते, दिवेलागणीच्या सुमारास तर पाजून झाले तरी तिची किरकिर थांबत नाही, आणि सुरुवातीला दगडासारखी भरून येणारी सुनेची छाती आता मऊच असते. दूध आटले असावे, असे मला वाटते. सून मात्र ‘आशाताईंनी सहा महिने पाण्याचा थेंबसुद्धा द्यायचा नाही म्हणून सांगितले आहे’ यावर अडून बसली आहे. ऐन उन्हाळा आहे, गोठ्यात दुभती म्हैस आहे, आणि माझी चारही लेकरे अंगावरच्या दुधावर व रोजच्या गुटीवर वाढली. वरचे दूध, उकळून गार केलेले पाणी, गुटी यांपैकी काहीच द्यायचे नाही का?
— एक आजी, कसबा बावडा

उत्तर : आजी, आपण तीन खुणा लिहिल्या आहेत आणि त्या तिन्ही या वयाच्या निरोगी बाळाच्या घरात दिसतातच. आईचे दूध लवकर पचते, त्यामुळे दीड-दोन तासांनी भूक लागणे स्वाभाविक आहे. संध्याकाळचे रडणे दुसऱ्या महिन्यात सर्वाधिक असते आणि तीन-चार महिन्यांपर्यंत ते आपोआप ओसरते. सहा-आठ आठवड्यांनंतर बाळाच्या गरजेचा आणि आईच्या दुधाचा मेळ बसतो, म्हणून छाती पूर्वीसारखी ताठरत नाही; ती मऊ राहते याचा अर्थ दूध आटले असा होत नाही.

दूध पुरते की नाही, हे लंगोटावरून आणि वजनकाट्यावरून ठरवावे. फक्त अंगावर पिणारे बाळ चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा फिकट रंगाची शू करत असेल आणि महिन्याला निदान अर्धा किलो वजन वाढत असेल, तर दूध पुरेसे आहे. अंगणवाडीत वजन करून माता-बाल संरक्षण कार्डावरील आलेखात ते नोंदवून घ्यावे. रेघ वर चढत असेल, तर संध्याकाळच्या रडण्यासाठी ना सुनेला दोष द्यावा, ना बाळाला म्हशीचे दूध.

वजन खरोखरच कमी वाढत असेल, तर आधी बाळ स्तन कसे धरते ते पाहावे लागते. नुसते बोंड तोंडात असेल, तर आईला दुखते आणि बाळाला दूध ओढता येत नाही. बोंडाभोवतीचा काळा भाग बराचसा तोंडात गेलेला, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली आणि मधूनमधून गिळल्याचा आवाज, अशी पकड हवी. ती जमत नसेल, तर आशाताईंना किंवा प्रसूती झाली त्या रुग्णालयातील परिचारिकेला प्रत्यक्ष पाजताना दाखवावे. हे तोंडी सांगून समजत नाही. तरीही वजन सुधारले नाही, शू कमी झाली किंवा बाळ सुस्त वाटले, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे. काही थोड्या बाळांना वरच्या दुधाची गरज पडते, हे खरे. पण ते कोणते आणि किती, हे डॉक्टरांनी ठरवायचे असते.

आता म्हशीच्या दुधाविषयी. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला रिचवणाऱ्या पैलवानाला जे मानवते, ते अडीच महिन्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. आईच्या दुधात प्रथिने शेकडा एकच्या आसपास असतात आणि म्हशीच्या दुधात त्याच्या जवळपास चौपट. शिवाय क्षारही जास्त, आणि लोह मात्र अगदी नगण्य. पाणी घालून ते पातळ केले, तर पोषण घटते आणि त्या पाण्यातले जंतू मिळतात ते वेगळेच.

त्याहून मोठे नुकसान आईच्या दुधाचे होते. संध्याकाळी बाळ रडले म्हणून वाटीभर वरचे दूध पाजले, की ते जड असल्यामुळे बाळ बराच वेळ झोपते आणि अंगावरचे एक पाजणे चुकते. स्तनात दूध तुंबून राहिले, की ‘आता कमी लागते’ असा निरोप शरीराला मिळतो आणि ते कमी तयार होऊ लागते; दुसऱ्या दिवशी बाळ आणखी भुकेले राहते, वाटीची दीड वाटी होते, आणि पंधरा दिवसांत ‘मी म्हटले नव्हते का, दूध नाहीच’ हे शब्द खरे ठरतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील सहा महिन्यांखालील सुमारे ६४ टक्के बाळेच निव्वळ अंगावरच्या दुधावर असल्याचे आढळले. उरलेल्यांपैकी किती घरांत हीच साखळी सुरू झाली असेल, याचा अंदाज आपल्यासारख्या अनुभवी स्त्रीला सहज येईल.

पाण्याची चिंता नको. आईच्या दुधात शेकडा ८७-८८ भाग पाणीच असते, आणि कडक उन्हाळ्याच्या प्रदेशांतही अशा बाळांना वेगळ्या पाण्याची गरज भासत नाही. उकाडा वाढला, तर बाळाला अधिक वेळा अंगावर घ्यावे आणि तांब्याभर पाणी सुनेच्या उशाशी ठेवावे. इचलकरंजीत २०१२ साली पसरलेली काविळीची साथ दूषित पाण्यातूनच आली होती, हे आपल्या जिल्ह्यात तरी विसरून चालणार नाही.

गुटीचा प्रश्न नाजूक आहे, कारण तिच्यात घरातील वडीलधाऱ्यांची माया असते. परंतु सहाणेवर वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ यांचे वळसे देताना पाणी लागते, ती मुळे वर्ष-वर्ष डब्यात राहून त्यांवर बुरशी धरू शकते, आणि वळसा हे काही नेमके माप नव्हे. एकाचे दोन कधी होतात ते कळतही नाही. जायफळाने बाळ गुंगून झोपले, तर पुन्हा पाजणे चुकतेच. त्यात मध तर मुळीच नको, कारण मधातील काही जंतूंच्या बीजाणूंमुळे वर्षाखालील बाळाला स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो. आपली चार लेकरे सुदृढ वाढली याचे श्रेय मी तरी आपल्या अंगावरच्या दुधालाच देईन. डॉक्टरांनी दिलेली औषधे, जीवनसत्त्वाचे थेंब आणि गरज पडल्यास जलसंजीवनी एवढेच या सहा महिन्यांत चालते. सहा महिने पूर्ण झाले, की उष्टावण हौसेने करावे. मऊ वरणभात, नाचणीचे सत्त्व सुरू करावे आणि अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे. तोवर संध्याकाळी बाळ खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारण्याचे काम आजीइतके दुसऱ्या कोणाला जमत नाही, आणि तेवढ्या वेळात सुनेची एक झोप होते.

प्रश्न : शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करते. बाळ साडेचार महिन्यांचे होईल तेव्हा रजा संपेल. उरलेला दीड महिना डब्याची पावडर द्यावी का?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : गरज नाही. प्रसूतीच्या रजेविषयीच्या कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळते. आपण प्रसूतीपूर्वी बरीच रजा घेतली असावी. कामावर परतल्यावर बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत, नेहमीच्या विश्रांतीखेरीज पाजण्यासाठी दोन जादा सुट्या रोज देणे मालकावर बंधनकारक आहे, आणि पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघराची सोयही. मागणी लेखी करावी. कामावर जाण्याआधी दोन आठवडे हाताने दूध काढण्याचा सराव करावा. स्वच्छ, झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात काढलेले दूध बाहेर चार तास आणि फ्रिजमध्ये चोवीस तास ठेवता येते. उन्हाळ्यात ते लगेच फ्रिजमध्येच टाकावे. ते गॅसवर न तापवता गरम पाण्यात भांडे ठेवून कोमट करावे आणि वाटी-चमच्याने पाजावे. बाटलीची सवय लागली, की काही बाळे अंगावर ओढायला कंटाळतात.