यूकेतली नोकरी: सही करण्याआधी रोटा (ड्यूटीचं वेळापत्रक) मागून घे

तू विचारलंयस की प्लॅब टू (परदेशी डॉक्टरांसाठीच्या यूकेतल्या परीक्षेचा दुसरा टप्पा) झालं, इंग्लंडमधल्या एका ट्रस्टकडून (सरकारी हॉस्पिटलं चालवणारी संस्था) क्लिनिकल फेलोची, म्हणजे ट्रेनिंगबाहेरच्या डॉक्टरची, ऑफर आली, तर तिथे खरंच आठवड्याला ४८ तासच काम असतं का?

असतं, पण ४८ ही सरासरी आहे. ट्रेनी डॉक्टरांच्या २०१६च्या करारात एक शिफ्ट जास्तीत जास्त १३ तासांची, सलग सात दिवसांत कमाल ७२ तास, ओळीने चारच नाइट्स आणि त्यानंतर ४६ तास विश्रांती. आता आठव, आपल्याकडे केंद्राच्या १९९२च्या रेसिडेन्सी निर्देशातही आठवड्याला ४८ तासच लिहिलेत. पण ते पाळले नाहीत तर जाब कुणाला विचारायचा?

खरा फरक तिथे आहे. इंग्लंडमध्ये त्या करारातल्या डॉक्टरची शिफ्ट लांबली की ‘एक्सेप्शन रिपोर्ट’, म्हणजे जादा कामाची नोंद, टाकायची. जादा वेळेचे पैसे किंवा बदली सुट्टी मिळते. प्रत्येक ट्रस्टमध्ये यावर लक्ष ठेवणारा गार्डियन असतो आणि ठरावीक मर्यादा मोडल्या तर तो विभागाला दंड लावतो. हे सहजासहजी मिळालेलं नाही. हॉस्पिटलात थांबून केलेला ऑन-कॉल, मधे झोप मिळाली तरी, कामाचाच वेळ आहे असं युरोपीय न्यायालयाने २००० आणि २००३ साली ठरवलं. आणि ट्रेनी डॉक्टरांची आठवड्याची मर्यादा २००४ला ५८, २००७ला ५६ आणि २००९ला ४८ तासांवर आली.

पण तास कमी झाले त्या मानाने डॉक्टर वाढले नाहीत. रोट्यात जागा रिकाम्या राहतात आणि त्या लोकम (तात्पुरते बदली डॉक्टर) किंवा तुझ्यासारखे फेलो भरतात. फेलोचा करार ट्रस्टचा स्वतःचा असतो, २०१६च्या अटी त्यात आपोआप येत नाहीत. काही ट्रस्ट त्या जशाच्या तशा घेतात, काही नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते, कारण व्हिसा नोकरीला बांधलेला असला की आपली मुलं तक्रार करायला कचरतात.

म्हणून आत्ताच ईमेलने विचार: खरा रोटा पाठवाल का? त्यातल्या किती जागा सध्या रिकाम्या आहेत? फेलोंना एक्सेप्शन रिपोर्ट टाकता येतो का? रात्री एका ब्लीपवर (ड्यूटीवरच्या डॉक्टरचा पेजर) किती वॉर्ड आणि रजिस्ट्रार (वरिष्ठ ड्यूटी डॉक्टर) इमारतीत असतो की घरी? पहिल्या नाइटआधी शॅडोइंग (दुसऱ्या डॉक्टरसोबत राहून काम बघणं) किती दिवस? क्रेस्ट फॉर्म (तुझी मूलभूत कौशल्यं पुरेशी आहेत असा दाखला) भरून देणारा कन्सल्टंट आहे का? हे शेवटचं विसरू नकोस, पुढे ट्रेनिंगला अर्ज करताना तो लागतो.

कागदपत्रांत ४८ तासांतून ‘ऑप्ट-आउट’चा, म्हणजे ती मर्यादा स्वतःहून सोडून देण्याचा, फॉर्म आला तर घाईने सही करू नकोस, तो ऐच्छिक असतो. आणि उत्तरं गोलमोल आली, तर सध्या तिथे काम करणाऱ्या एखाद्या फेलोशी बोलायला मिळेल का असं सरळ विचार.