टाकीवर चढलेल्या माणसाशी बोलताना

भाऊ, अग्निशमन दलात नवा आहेस, बंबाची नळी जोडणं तू महिन्याभरात शिकशील. पाण्याच्या टाकीवर किंवा विहिरीच्या काठावर कोणी बसल्याचा कॉल वेगळा असतो. गावाच्या अलीकडेच सायरन बंद कर. खाली मोबाईल धरून उभी पोरं आधी पोलिसांकरवी मागे हटव. त्यातलं एखादं टवाळ ‘मार उडी’ ओरडतंच.

मग बोलायचं एकानेच. आपलं नाव सांग, त्याचं विचार. ‘जीव द्यायचा विचार आहे का?’ हे सरळ विचार. विचारल्याने तसा विचार त्याच्या डोक्यात शिरत नाही. तो गप्प राहिला तर राहू दे. कर्ज माफ करून देतो, असं खोटं कबूल करू नको. बायको-भावाला लगेच पुढे आणू नको, भांडण कदाचित त्यांच्याशीच झालेलं असतं. दोर-जाळी साथीदार सांभाळतील, झडप घालायची हौस सिनेमावाल्यांना.

फवारणीचं औषध पोटात गेल्याची शंका असली तर उलटी करवू नको. १०८ बोलाव, डबा दवाखान्यात पाठव.

खाली आल्यावर त्याला कोणी दरडावलं तर थांबव. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा अशा माणसावर तीव्र ताण होता असंच गृहीत धरतो. घरच्यांना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ लिहून दे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.