पाचू, पन्ना आणि मरकत

प्रश्न : आजीच्या नथीतल्या हिरव्या खड्याला घरी पाचू म्हणतात. झवेरी बाजारातले सराफ पन्ना म्हणाले, संस्कृतच्या पुस्तकात मरकत आहे. रत्न एकच का? नावाचा अर्थ काय? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : रत्न एकच. मराठीत पाचू, जुन्या मराठीत नुसतं 'पाच'ही; हिंदीत पन्ना. मध्य प्रदेशातल्या पन्ना गावच्या खाणी मात्र हिऱ्यांच्या, तेव्हा नावावरून खडा तिथला समजू नका.

अमरकोशात एका ओळीत चार नावं आहेत : 'गारुत्मतं मरकतमश्मगर्भो हरिन्मणिः'. यातलं हरिन्मणी तेवढं रंगावरून. अश्मगर्भ म्हणजे दगडाच्या पोटातला, गारुत्मतामागे गरुडाची कथा. मरकताचं कूळ दूरचं आहे. ग्रीक 'स्माराग्दोस' त्याचा भाऊबंद, आणि बहुतेक अभ्यासक दोघांचं मूळ 'चमकणे' या अर्थाच्या सेमिटिक (अरबी-हिब्रूच्या भाषाकुळातल्या) 'ब-र-क' धातूत शोधतात. अरबीत 'बर्क' म्हणजे वीज, ती याच धातूतली. इंग्रजी एमराल्ड हे त्या ग्रीक शब्दाचंच झिजलेलं रूप. नाव देणाऱ्याच्या डोळ्यांत आधी भरली ती चमक!

ग्रीक लोक मात्र हे एकच नाव कितीतरी हिरव्या दगडांना देत. आपल्या घरांतही तसंच होतं. जुन्या नथीत पाचू म्हणून हिरवी काच किंवा रंगवलेला ओनेक्स (एक स्वस्त दगड) पुष्कळदा निघतो. म्हणून खडा दहापट भिंगाखाली बघा. गोल बुडबुडे दिसले तर काच. खाणीतल्या पाचूत बारीक भेगा आणि शेवाळासारखे धागे असतातच, त्यांना दोष मानू नका. उलट मोठा, निर्मळ आणि स्वस्त खडा संशयास्पद. कृत्रिम पाचूतही धागे दिसतात, म्हणून शेवटचा निकाल रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचा. तिथे वक्रीभवनांक, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो त्याचं माप, साधारण १.५७ ते १.५८ भरायला हवा. सुटा खडा असेल तर विशिष्ट गुरुत्वही तपासतात, ते २.७ च्या आसपास येतं.

खडा पाचूच निघाला, तर जपा. बहुतेक पाचूंच्या भेगांत तेल भरलेलं असतं. पॉलिशला दिलेली नथ अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये किंवा कढत पाण्यात गेली की तेल निघतं आणि काल न दिसलेली भेग पांढरी उमटते. देतानाच 'मशीनमध्ये घालू नका' असं सांगा. घरी मऊ ओलसर कापडानं पुसली की पुरे. नथीत मोतीही असतात, ती पाण्यात भिजत टाकू नका.