दया येते, कृपा होते

ऐरोलीच्या एका मैत्रिणीने विचारलं आहे : "आमच्या शेजारच्या काकू मराठी ख्रिस्ती आहेत. रोज सकाळी चहाच्या आधी शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, एक अध्याय वाचतात. संध्याकाळी जिन्यात भेटल्या आणि 'कसा गेला दिवस?' विचारलं की पुष्कळदा म्हणतात, 'आजची कृपा पुरली गं.' कृपा म्हणजे दयाच ना? मग ती पुरते कशी? आणि स्टेशनवरच्या घोषणेतलं 'कृपया' हे त्यातलंच का?"

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर सोपं आहे. हो, त्यातलंच. 'कृपया' हे 'कृपा' शब्दाचं संस्कृतातलं तृतीयेचं एकवचन. मराठीत त्याचं सरळ रूप 'कृपेने'. ठाण्याच्या फलाटावर 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' असं ऐकू येतं तेव्हा शब्दशः अर्थ होतो, आपल्या कृपेने लक्ष द्या. तुमचं लक्ष हा काही माझा हक्क नाही. हीच तृतीया मराठी प्रत्यय लावून बायबलातल्या, प्रेषित पौलाच्या इफिसकरांस पत्रात येते : 'कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे.' तिथला 'च' फार मोलाचा. त्याच ओळीतला 'तारण' हा शब्दही जरा थांबून पाहण्यासारखा आहे. बाजारपेठेत 'सोनेतारण कर्ज' अशा पाट्या असतात. तिथे तारण म्हणजे कर्ज घेताना आपण ठेवायची वस्तू. शास्त्रातलं तारण म्हणजे तारलं जाणं, आणि ते मिळण्यासाठी आपण काहीही ठेवायचं नसतं. शब्द एकच, पण देणारा आणि घेणारा यांच्या जागा पार बदललेल्या.

आता मुख्य प्रश्न. कृपा म्हणजे दयाच ना?

जुन्या संस्कृतात पाहिलं तर तुमचं म्हणणं बरोबर आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन समोरचे आप्त पाहून 'कृपया परयाविष्टः' होतो, म्हणजे त्याच्या मनात अतिशय कणव दाटून येते. 'कृपण' हा शब्दही याच कुळातला. आधी त्याचा अर्थ दीन, कीव यावी असा. कंजूष हा अर्थ त्याला नंतर चिकटला. म्हणजे मुळात कृपेत कीव होतीच.

पण मराठीने या दोन शब्दांना वेगळं केलं आहे, आणि ते क्रियापदांतून दिसतं. दया येते. कृपा होते. 'मला त्या पोराची दया आली' हे वाक्य आपण सहज बोलतो. 'मला त्या पोराची कृपा आली' असं कुणीच म्हणणार नाही. षष्ठीकडेही लक्ष द्या. 'पोराची दया आली' यात पोर ते, ज्याचे हाल पाहून मन हललं. 'देवाची कृपा झाली' यात देव तो, ज्याने दिलं. ('देवाची दया' असंही म्हणतो, हे खरं, पण 'येणे' जोडलं की दया नेहमी हाल सोसणाऱ्याच्या नावावर जाते. कृपा तशी कधीच जात नाही.) दयेची सुरुवात समोरच्याच्या दुःखात असते. कृपेची सुरुवात देणाऱ्याच्या मनात. ती व्हायला समोरचा दीनवाणा असावाच लागतो असं नाही.

आणखी एक शेजारचा शब्द घ्या : उपकार. उपकार फेडतात, उपकारांचं ओझं होतं, उपकाराखाली माणूस दबतो. कृपा फेडता येत नाही. 'मी तुमची कृपा फेडीन' हे वाक्य मराठी कानाला लगेच खटकतं. मला हा पुरावा कोणत्याही कोशातल्या अर्थापेक्षा मोठा वाटतो. आपल्या भाषेला आधीपासून ठाऊक आहे की या एका गोष्टीचा हिशेब मांडता येत नाही.

बायबलचे दोन भाग, जुना करार आणि नवा करार. मराठी बायबलात 'कृपा' हा शब्द नव्या करारातल्या 'खारिस' या ग्रीक शब्दासाठी येतो. मूळ ग्रीकमध्ये तो दीडशेहून अधिक वेळा आहे. आनंद या अर्थाचा ग्रीक शब्द त्याचा जवळचा नातलग, आणि आभार मानणं हा शब्दही त्याच्यापासूनच झालेला. म्हणजे ग्रीकमध्ये देणं, त्याने होणारा आनंद आणि त्याबद्दलचे आभार हे एकाच घरातले तीन शब्द आहेत. मराठीत तसं एक घर नव्हतं, म्हणून भाषांतरकारांनी आभारासाठी 'उपकारस्तुती' वापरला : 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा.' मला हा शब्द अतिशय आवडतो. उपकाराची फेड नाही, उपकाराची स्तुती. ओझं होतं तिथे गाणं आलं.

जुन्या करारात हिब्रूमधले दोन शब्द आहेत. 'हेसेद' म्हणजे नातं न तोडणारी प्रीती. स्तोत्र १३६ मध्ये सव्वीसच्या सव्वीस ओळींत तो येतो आणि मराठीत तिथे 'दया' आहे : 'कारण त्याची दया सनातन आहे.' दुसरा 'हेन', म्हणजे कुणाच्या नजरेत आपल्याला जागा मिळणं. त्याला मराठीत 'कृपादृष्टी' हा नेमका शब्द सापडला आहे.

या कृपादृष्टीसाठी जुन्या करारातलं रूथचं पुस्तक वाचावं. चारच अध्याय आहेत. रूथ मवाबातली, परकी, विधवा. सासूबरोबर बेथलेहेमात येते आणि म्हणते, ज्याची माझ्यावर कृपादृष्टी होईल त्याच्या मागून मी सरवा वेचीन. सरवा! माझं माहेर नगरकडचं. भुईमूग काढून झाल्यावर मागे राहिलेल्या शेंगा वेचायला आजी आम्हां पोरांना शेतात न्यायची, तो सरवा. पहिल्यांदा हा शब्द शास्त्रात दिसला तेव्हा बेथलेहेमचं शेत मला आमच्या शिवाराला लागूनच असल्यासारखं वाटलं. तर, मोशेच्या नियमशास्त्राने सरवा गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राखून ठेवलेला आहे. मालकाने तो वेचायचा नाही. म्हणजे सरवा रूथच्या हक्काचाच होता. पण शेताचा मालक बवाज त्यापुढे जातो. तो आपल्या गड्यांना सांगतो, पेंढ्यांतली काही कणसं तिच्यासाठी मुद्दाम खाली टाका आणि तिला दटावू नका. खाली पडलेलं वेचणं हा हक्क. मुद्दाम पाडलेलं वेचायला मिळणं, ती कृपा. हे तिला कुणी सांगितल्याचं लिहिलेलं नाही. वेचताना तिला दोन्ही कणसं सारखीच दिसली असतील.

काकूंचं रोजचं वाचन मला इथे महत्त्वाचं वाटतं. कोशात शब्दाचे अर्थ एकाखाली एक दिलेले असतात. ओळीने वाचत गेलं की तोच शब्द महिन्यामहिन्यांनी नव्या माणसाबरोबर भेटतो, रूथबरोबर, येशूची आई मरीयेबरोबर, पौलाबरोबर, आणि प्रत्येक वेळी थोडा वाढलेला असतो. शिवाय आजचा अध्याय आपण निवडलेला नसतो. काल जिथे खूण ठेवली, तिथून पुढचा तो.

मी कोपरीत राहते. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशी दिव्याहून येतात. एका पावसाळी दिवशी रुळांवर पाणी होतं. त्या दुपारी तीनच्या पुढे पोचल्या. तोवर मी भांडी घासून टाकली होती आणि दिनदर्शिकेत त्या तारखेवर खाड्याची फुलीही मारली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचायला मत्तयाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय आला. त्यात येशूने सांगितलेली एक गोष्ट आहे. द्राक्षमळ्याचा मालक पहाटेपासून मजूर लावतो, शेवटचे संध्याकाळी पाचला लावतो, आणि दिवस संपल्यावर सगळ्यांना सारखाच पूर्ण रोज देतो. पहाटेपासून राबलेले कुरकुर करतात. मी हा अध्याय लहानपणापासून वाचत आले आहे आणि दर वेळी त्या कुरकुरणाऱ्यांचं मला थोडं पटायचं. त्या सकाळी पहिल्यांदा दिसलं, की पाचला लागलेला माणूस दिवसभर आराम करत नव्हता. तो नाक्यावर उभा होता. आम्हाला कुणी कामावर लावलं नाही, असं तो सांगतोच. मावशीही तशाच, दोन तास फलाटावर उभ्या होत्या. मी फुली खोडली. मावशींना ते आजतागायत ठाऊक नाही. 'खाडा' हा शब्द तेव्हापासून मला फार लहान वाटतो. त्यात फक्त न झालेलं काम मोजलं जातं, पोचण्यासाठी केलेली धडपड नाही.

बोलण्याबद्दलही एक वचन आहे, कलस्सैकरांस पत्रातलं : बोलणं 'कृपायुक्त', मिठाने रुचकर केल्यासारखं असावं. 'कृपायुक्त' हे विशेषण आपण रोजच्या मराठीत वापरत नाही, आणि ते यायला हवं असं मला मनापासून वाटतं. गोड बोलणं वेगळं, नम्र बोलणं वेगळं. ऐकणाऱ्याने कमावलेलं नसताना त्याला मान देणारं बोलणं, यासाठी आपल्याकडे दुसरा शब्द नाही. 'कृपा करून' मात्र जपून वापरा. 'कृपा करून गप्प बस' यात कृपेचं नाव आहे, पण दातओठ खाल्लेले ऐकू येतात.

राहिलं 'पुरणं'. पगार पुरतो, पाणी पुरतं, डाळ चौघांना पुरते. पुरणं हे मापाच्या वस्तूंचं क्रियापद. कृपा अमाप, मग ती पुरते कशी, ही तुमची शंका रास्त आहे. काकूंचं वाक्य दोन ठिकाणांहून आलं असावं. एक, करिंथकरांस दुसऱ्या पत्रातलं. पौल आपल्या शरीरातला काटा काढून टाकण्याची तीनदा विनंती करतो. काटा निघत नाही. प्रभूकडून उत्तर मिळतं, 'माझी कृपा तुला पुरे आहे.' आपण एरवी 'पुरे!' म्हणतो ते थांबवायला. इथे तोच शब्द धीर द्यायला आला आहे. दुसरं, निर्गमाच्या सोळाव्या अध्यायातला मान्ना. मिसरातून निघालेल्या इस्राएल लोकांसाठी रानात रोज सकाळी हे अन्न पडे. ज्याने जास्त गोळा केलं त्याच्याकडे उरलं नाही, ज्याने कमी केलं त्याला कमी पडलं नाही. उद्यासाठी ठेवलं त्यात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा होती. म्हणजे अन्न देणाऱ्याकडे कमी नव्हतं. माप होतं ते दिवसाचं.

म्हणून काकूंच्या वाक्यातला 'आजची' हा शब्द 'पुरली'इतकाच नीट ऐका. वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे आणि अर्थानेही. पुढच्या वेळी त्या जिन्यात भेटल्या की आज कोणता अध्याय होता ते विचारा.