वाचकांचे प्रश्न : कैरीची टाकी, चुंबक आणि वेल्डिंगचे डाग

प्रश्न : रत्नागिरीजवळ आमचा लोणच्याचा लहान कारखाना आहे. लिटरमागे दीडशे ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात कैरीच्या फोडी तीन-चार महिने खारवून ठेवतो. त्यासाठी ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची टाकी करून घेतली, पण दुसऱ्याच हंगामात तळाला बारीक छिद्रे पडून पाणी झिरपू लागले. पत्रा बनावट होता का? आता ३१६ ची टाकी करावी का?

उत्तर : पत्रा अस्सल ३०४ असता तरी हेच झाले असते, म्हणून केवळ छिद्रांवरून पुरवठादाराला दोष देऊ नये.

पोलादात क्रोमियमचे प्रमाण साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर गेले की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप धरतो. त्याची जाडी जेमतेम काही नॅनोमीटर असते. दुधावरची साय बाजूला केली की पुन्हा धरते, तसा हा थरही चरा पडल्यावर हवेतला किंवा पाण्यातला ऑक्सिजन मिळताच सांधला जातो. ३०४ मधील सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल यांच्या बळावर दूध डेअरीतल्या टाक्या वर्षानुवर्षे टिकतात. त्या सौम्य नायट्रिक आम्लाने धुतल्या तरी बिघडत नाहीत, कारण हे आम्ल ऑक्सिजन पुरवून त्या थराला उलट बळकटीच देते.

मिठातला क्लोराइड मात्र हा थर जागोजागी फोडतो. तळाशी फोडी बसलेल्या असतात, पाणी हलत नाही, ऑक्सिजन पोहोचत नाही, आणि एकदा फुटलेली जागा सांधली जात नाही. त्या खड्ड्यात धातू विरघळतो, बाहेरचा क्लोराइड आत ओढला जातो, आतले पाणी आम्लधर्मी होते आणि खड्डा स्वतःच स्वतःला पोसू लागतो. भोवतालचा सगळा चकचकीत पत्रा शाबूत असतो, म्हणून सारी झीज त्या एका ठिपक्यावर एकवटते. अशाच एका टाकीच्या तळाचा तुकडा मी कापून पाहिला आहे. वरून सुईच्या टोकाएवढे भोक होते, पण त्याखाली जोंधळ्याचा दाणा मावेल एवढी पोकळी तयार झाली होती. वरून बोट फिरवून तिचा पत्ताही लागत नव्हता.

आता प्रमाण पाहा. साध्या तापमानाच्या पाण्यात ३०४ साठी लिटरमागे २०० मिलिग्रॅम आणि ३१६ साठी १००० मिलिग्रॅम क्लोराइड ही ढोबळ मर्यादा धरली जाते. आपल्या पाण्यात तो ९०,००० मिलिग्रॅमच्या आसपास आहे, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या चौपटीहून जास्त. ३१६ मधील दोन-तीन टक्के मॉलिब्डेनममुळे छिद्रे उशिरा पडतील, पण पडतील. त्यासाठी जादा पैसे घालणे मला योग्य वाटत नाही. समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पांत २५ टक्के क्रोमियमचे सुपर डुप्लेक्स पोलाद वापरतात, ते आपल्या कारखान्याला परवडणारे नाही. खारवण्यासाठी खाद्यपदार्थांकरिता प्रमाणित केलेली जाड प्लास्टिकची पिंपे किंवा फायबरची टाकी घ्यावी. कैरी चिरण्याची टेबले, मसाल्याची पातेली आणि भरणी यंत्र मात्र ३०४ चेच ठेवावे. तिथे मीठ थोडा वेळच लागते आणि काम संपल्यावर लगेच गोड्या पाण्याने धुता येते.

मीठ आले की हे पोलाद हरलेच, असेही समजू नये. मेक्सिकोतील प्रोग्रेसो बंदराचा लांबलचक धक्का १९४१ च्या सुमारास पूर्ण झाला. त्याच्या काँक्रीटमध्ये ३०४ च्याच जातीच्या सळया आहेत आणि तो अजून उभा आहे. शेजारी नंतर साध्या सळया घालून बांधलेला धक्का ढासळला. काँक्रीट अल्कधर्मी असते आणि सळईवरचा तो पातळ थर त्यात टिकून राहतो. जे पोलाद आपल्या टाकीत दोन हंगाम टिकले नाही, त्याच जातीचे पोलाद तिथे समुद्रात आठ दशके टिकले.

प्रश्न : भांडी आणि पत्रा घेताना चुंबक लावून पाहतो. चिकटला नाही तर माल अस्सल, हे खरे का?

उत्तर : नाही. निकेलऐवजी बरेचसे मँगनीज घातलेल्या स्वस्त २०० मालिकेच्या पत्र्यालाही चुंबक चिकटत नाही, आणि त्याची गंजरोधकता ३०४ पेक्षा कमी असते. याउलट अस्सल ३०४ चे पातेले दाबून घडवताना काठाला जो ताण बसतो, त्याने धातूची अंतर्रचना बदलते आणि तिथे चुंबक हलकेच ओढला जातो. ४३० प्रतीला तर चुंबक घट्ट चिकटतो, तरी घरगुती वापरात ती चांगली टिकते. मोठा माल घेताना पोलाद गिरणीचा चाचणी दाखला मागावा आणि तो पत्र्यावरच्या हीट क्रमांकाशी, म्हणजे पोलादाच्या घाणीच्या क्रमांकाशी, ताडून पाहावा. क्ष-किरणांच्या हातयंत्राने क्रोमियम, निकेल, मँगनीज मिनिटभरात कळतात. कार्बन मात्र त्यात दिसत नाही, त्यामुळे ३०४ आणि तिची कमी कार्बनची प्रत ३०४ एल यांतला फरक त्यावरून ठरत नाही.

प्रश्न : रेलिंगवर वेल्डिंगच्या जागीच तांबूस डाग का पडतात?

उत्तर : दोन कारणे संभवतात. तापून निळी-तपकिरी झालेली कड साफ केली नसेल, तर तिच्याखालच्या धातूत क्रोमियम कमी उरलेले असते. दुसरे कारण जास्त आढळते : साध्या लोखंडावर वापरलेले ग्राइंडरचे चाक किंवा तारेचा ब्रश स्टेनलेसवरही फिरवला, की लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि तेच गंजतात. कारागिराला स्टेनलेससाठी वेगळी चाके व स्टेनलेस तारेचाच ब्रश वापरायला सांगावे. कड पिकलिंग पेस्टने, म्हणजे धातूवरचा जळका थर काढणाऱ्या आम्लाच्या लेपाने, साफ करून घ्यावी, मात्र ते काम हातमोजे व चष्मा घालून जाणकारानेच करावे, कारण त्या पेस्टमध्ये हायड्रोफ्लुओरिक आम्ल असते आणि ते त्वचेतून आत शिरून हाडापर्यंत इजा करते. डाग काढण्यासाठी फरशी धुण्याचे आम्ल वापरू नये. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि त्याने उरलेला पृष्ठभागही खराब होतो.