रोस्टरचं, म्हणजे कुणाची पाळी कधी हे लावायचं, सॉफ्टवेअर काही इशारा देत नाही, म्हणजे आपण अवॉर्डच्या नियमांत आहोत असं समजायचं का?

नाही. ते गप्प आहे याचा अर्थ एवढाच, की त्याला जेवढं सांगितलंय तेवढ्यात त्याला काही खटकलं नाही.

तुम्ही लिहिलंय की मेलबर्नला किराणा दुकान चालवायला घेतलंय, आठ माणसं आहेत, त्यातले निम्मे विद्यार्थी, आणि सॉफ्टवेअर विकणारा म्हणाला, 'अवॉर्डचं सगळं आम्ही बघतो.' मी इथल्याच एका किराणा दुकानाचं रोस्टर गेली सहा वर्षं लावतोय. आम्हालाही हेच सांगितलं होतं.

ऑस्ट्रेलियाबाहेरच्या वाचकांसाठी: इथला अवॉर्ड म्हणजे पुरस्कार नव्हे, लवादाचा निवाडा. 1904 च्या कायद्याने इथे लवाद न्यायालय आलं, त्या काळापासूनचा हा शब्द. आता उद्योगागणिक किमान पगार आणि कामाच्या अटी सांगणारे असे शंभरावर अवॉर्ड आहेत. ते फेअर वर्क कमिशन ठरवतं आणि पाळले जातात की नाही हे फेअर वर्क ओम्बड्समन बघतो. किराणा दुकानाला जनरल रिटेल इंडस्ट्री अवॉर्ड 2020 लागतो. सॉफ्टवेअरमध्ये मुळात हाच निवडलाय ना, ते आधी बघा. इथेच चूक असेल तर पुढचा प्रत्येक इशारा चुकीचा.

आम्ही आपटलो ते दोन पाळ्यांमधल्या विश्रांतीवर. या अवॉर्डनुसार एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवशीचं सुरू होईपर्यंत 12 तास जावे लागतात. मालक आणि कामगार दोघांची संमती असेल तर 10. ते पाळलं नाही, तर पूर्ण विश्रांती मिळेपर्यंत त्या माणसाला दुप्पट दर. दिवाळीच्या आठवड्यात आमच्या एका मुलाची पाळी रात्री 8 पर्यंत होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 8 ला परत. बरोबर 12 तास, पडद्यावर सगळं हिरवं. पण मालाचा ट्रक उशिरा आला आणि तो मुलगा साडेनऊपर्यंत पोती उतरवत थांबला. उरले साडेदहा तास. संमती कुणी विचारली नव्हती, म्हणजे दहाची सवलत नाही. सॉफ्टवेअर गप्पच, कारण ते फक्त ठरलेलं रोस्टर तपासत होतं, प्रत्यक्षात लागलेले तास नाही. पगार करताना हिशेबनीस बाईंच्या लक्षात आलं आणि त्याची दुसऱ्या दिवशीची अख्खी पाळी दुप्पट दराने दिली. तेव्हापासून आमचे इशारे टाइमशीटवरही चालतात. तुमच्याकडे ही सोय बहुधा असेलच, पण ती आपली आपण चालू होत नाही.

जेवणाच्या सुट्टीचंही तेच. पाच तासांपेक्षा जास्त सलग काम करून घेता येत नाही, मध्ये किमान अर्ध्या तासाची बिनपगारी सुट्टी द्यावी लागते. बरीच सॉफ्टवेअर्स ती अर्ध्या तासाची वजावट आपोआप करतात, माणूस गल्ला सोडून हलला असो वा नसो. ही सोय नाही, खड्डा आहे. बंद करा आणि माणसाला स्वतः ब्रेकची नोंद करू द्या.

पार्टटाइम माणसाला ठरलेल्या तासांपेक्षा जास्त थांबवलं की ओव्हरटाइम. तो नेहमीच्या दराने थांबायला राजी असेल, तर तसं लेखी हवं, आणि त्या पाळीपुरतं असेल तर पाळी संपायच्या आत. साधा मेसेज चालतो. म्हणून आमचा इशारा पाळी संपायच्या पंधरा मिनिटं आधी वाजतो. नंतर वाजून काय उपयोग?

आता विद्यार्थी. हा अवॉर्डचा नाही, व्हिसाचा नियम आहे, पण जीव याच्यातच अडकतो. 1 जुलै 2023 पासून कॉलेज चालू असताना पंधरवड्याला जास्तीत जास्त 48 तास काम. पंधरवडा म्हणजे कोणत्याही सोमवारपासूनचे 14 दिवस, तुमच्या पगाराचा पंधरवडा नव्हे. समजा एकाने पहिल्या आठवड्यात 15, दुसऱ्यात 33 आणि तिसऱ्यात 20 तास केले. पहिले दोन मिळून 48, ठीक. दुसरा-तिसरा मिळून 53, झालं उल्लंघन. पगाराच्या कालावधीप्रमाणे मोजणारं सॉफ्टवेअर हे पकडत नाही. शिवाय तो दुसरीकडे शनिवार-रविवार काही करत असेल तर तेही धरायचं, ते तर त्यालाच विचारावं लागतं.

एक गोष्ट विक्रेता सांगणार नाही. इशाऱ्याची पिवळी पट्टी दिसली की 'तरीही प्रकाशित करा' दाबायची बोटाला सवय लागते, आणि प्रत्येक दाबण्याची नोंद राहते: कुणी, किती वाजता. 1 जानेवारी 2025 पासून जाणूनबुजून कमी पगार देणं हा इथे फौजदारी गुन्हा आहे. नजरचुकीने झालेली गोष्ट त्यात येत नाही. पण इशारा बघून तो बाजूला सारला आणि पैसेही दिले नाहीत, तर नजरचूक कशी म्हणणार? म्हणून आम्ही इशारे कमी केले. विश्रांती, जेवणाची सुट्टी आणि विद्यार्थ्यांचे तास, या तिन्हींना लाल कुलूप. कारण लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बाकीचे दिवसातून एकदा यादीत येतात.

अवॉर्डमधले पगाराचे दर बदलतात ते 1 जुलैला किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या पहिल्या पूर्ण पगार-कालावधीपासून. त्या आठवड्यात दोन जणांचे पगार हाताने ताडून बघा.

आणि सॉफ्टवेअरचे पैसे भरायच्या आधी हे करा: एक खोटा कर्मचारी तयार करा, त्याला विनासुट्टी सहा तासांची पाळी द्या, दोन पाळ्यांत 11 तासांचं अंतर ठेवा, तिसरं म्हणजे वरचं 15-33-20. बघा किती वेळा ओरडतं. आमचं पहिल्या दोन वेळा ओरडलं. तिसऱ्यासाठी गल्ल्यामागे कालनिर्णय लावलंय, त्यावर सोमवार ते सोमवार पेन्सिलने तास लिहितो.