मनी नंबर चार

मी मुलांची समुपदेशक. जून उजाडला की माझ्याकडे एक प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, आमची तिसरीत गेली, अजून कोडिंग लावलं नाही. उशीर तर नाही ना झाला?" कधीकाळी हाच सूर अबॅकससाठी लागायचा, त्याआधी इंग्रजी माध्यमासाठी. पालक खुर्चीत टेकायच्या आत मला आता प्रश्नाचा अंदाज येतो.

ओवीचे (नाव बदललं आहे) बाबा मात्र उलटं गाऱ्हाणं घेऊन आले होते. त्यांनी कोडिंग लावलं होतं, ऑनलाइन, आठवड्यातून दोन दिवस. आणि नेमकं त्याच दोन दिवशी संध्याकाळी ओवीचं पोट दुखायचं. डॉक्टरांना तपासणीत काही सापडलं नव्हतं.

"नाटकं करते हो. शेजारचा मुलगा हिच्याच वयाचा, त्यानं ॲप बनवलंय."

मी ओवीला विचारलं, "क्लासमध्ये काय करता?"

"रॉकेट उडवतो."

"कुणाचं?"

"सरांचं." जरा थांबून म्हणाली, "माझं चुकलं की सर म्हणतात, राहू दे, मी करतो. मग माझ्या स्क्रीनवर त्यांचा बाण फिरतो."

पोट का दुखतं ते मला तिथंच कळलं. चूक झाली की दुसऱ्याचा बाण येऊन ती पुसून जातो, आणि आठ वर्षांच्या पोरीला एवढंच समजतं की आपण ढ आहोत. खरं तर प्रोग्रामिंगमध्ये, म्हणजे संगणकाला सूचना लिहून देण्यात, चूक शोधणं हेच निम्मं काम. गणितज्ञ सीमोर पॅपर्ट यांनी सहकाऱ्यांबरोबर 1967 मध्ये मुलांसाठी लोगो ही संगणकाची भाषा तयार केली. तिच्यातलं कासव सांगाल तसं चालतं. चौकोन काढायला निघालेलं कासव भलतीकडे वळलं, तर आपण काय सांगितलं होतं ते मुलानंच पाहायचं आणि बदलायचं. पॅपर्ट जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजेंच्या हाताखाली काम करून आलेले होते. मीही पियाजे वाचूनच या कामात आले, त्यामुळे माझा कल कुठं आहे हे लपत नाही, आणि लपवायचंही नाही.

एका भेटीत मी बाबांना एकट्यांना बोलावलं. ते सरकारी कचेरीत लिपिक. "मॅडम, मी चाळीस शब्दांचं टायपिंग पास झालो. बोट टाइपरायटरवर बसतंय तोवर टेबलावर कॉम्प्युटर आला. एमएस-सीआयटी दिली तेव्हा बाजूला कॉलेजची पोरं. वेतनवाढ अडकायची वेळ आली होती." बोलता बोलता त्यांचा आवाज खाली गेला. मी एवढंच विचारलं, "त्या वर्गात ओवी कुठं बसली होती?" ते बराच वेळ गप्प होते. आपली धास्ती लेकीच्या दप्तरात जाऊन बसलीये, हे त्यांचं त्यांना उमगायला हवं होतं. मी सांगून ते पटलं नसतं. क्लास दोन महिने बंद ठेवायला ते तयार झाले, जरा नाराजीनंच.

पुढच्या भेटीत ओवी खुलली ती मांजरांवरून. तिच्या सोसायटीत अकरा मांजरं, आणि पोरीला प्रत्येकीची कुंडली पाठ. माझ्याकडे लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतो, पाठकोऱ्या कामाला येतात म्हणून जपलेला. मी म्हटलं, "एका पत्रिकेवर एक मांजर. नाव, रंग, शेपूट, कुठं बसते, दूध कोण घालतं." पोरगी तासभर मान वर करेना.

मग मी खेळ सुरू केला. "पार्किंगमध्ये बसणारी मांजरं काढ." तिनं तीन पत्रिका काढल्या आणि स्वतःच अडली. "मावशी, चौथी पण आहे, पण तिच्यावर मी 'गाड्यांपाशी' लिहिलंय." मी काही बोलले नाही. तिनं खोडरबर मागितलं.

"आता मनीला शोध." दोन पत्रिका आल्या. दोघीही मनी, दोघीही करड्या. ओवी दोन्हींकडे पाहत राहिली. एरवी इथं मोठं माणूस पटकन उत्तर देऊन मोकळं होतं. मी हात मांडीखाली घेऊन बसले, अक्षरशः. तीन-चार मिनिटं गेली असतील. मग ती म्हणाली, "वर्गात दोन श्रावणी आहेत ना, तर बाई हजेरी नंबरनं बोलावतात." आणि भराभर सगळ्या पत्रिकांच्या कोपऱ्यात एक ते अकरा आकडे पडले. मनी नंबर चार, मनी नंबर नऊ.

डेटाबेस (नोंदींचा संगणकातला साठा) शिकवणारे ज्याला प्रायमरी की म्हणतात, म्हणजे प्रत्येक नोंदीची एकमेव खूण, ते हेच. तिसरीतल्या मुलीनं ते स्वतः शोधलं होतं, कारण तिला त्याची गरज पडली होती. इतकी वर्षं हे काम करतेय, पण त्या दिवशी घरी जाताना मी रिक्षात एकटीच हसत होते.

आता तुमच्या घरातल्या तिसरी-चौथीबद्दल. पियाजेंच्या मते साधारण सात ते अकरा या वयात मूल हाताला लागणाऱ्या गोष्टींवर पक्का तर्क करतं, नुसत्या कल्पनेवर अजून नाही. म्हणून आधी पत्रिका, कार्डं, डबे. मुलाला ज्याचा नाद आहे तेच घ्या: किल्ल्यावरचे मावळे, क्रिकेटपटू, आजीचे मसाले. प्रश्न विचारा आणि शब्द हळूच बदला: "काळी आणि पार्किंगमधली" म्हटल्यावर किती पत्रिका निघतात, "काळी किंवा पार्किंगमधली" म्हटल्यावर किती. हा फरक ज्याला हातानं कळला, त्याला तो पुढं स्क्रीनवर अडत नाही.

मग स्क्रॅच, म्हणजे पडद्यावर सूचनांचे ठोकळे जोडून करायचं प्रोग्रामिंग. एमआयटीच्या मीडिया लॅबनं 2007 मध्ये आणलेलं, फुकट, मुख्यतः आठ वर्षांपुढच्यांसाठी. त्याहून लहानांना स्क्रॅचज्युनिअर, त्यात वाचताही यावं लागत नाही. कळफलकावर टाइप करायच्या भाषांना अजून वेळ आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातसुद्धा कोडिंग येतं ते सहावी ते आठवीच्या टप्प्यात, तेव्हा तिसरीत गाडी चुकली म्हणून कुणी रडू नये. आणि मूल अडलं की माउसला हात लावू नका. "तू त्याला नेमकं काय सांगितलंस, मला वाचून दाखव," एवढं म्हणा. बहुतेक वेळा वाचता वाचताच त्याला चूक दिसते. क्लास लावायचाच असेल तर पहिल्या दिवशी सरांना विचारा, मुलाचं चुकलं की तुम्ही काय करता. फी नंतर विचारा.

स्क्रॅचमध्ये पडद्यावर आधीच एक नारिंगी मांजर उभं असतं, हा ओवीपुरता आमचा योग. तिनं त्याला बोलतं केलं. ते नंबर विचारतं आणि त्या मांजराचं नाव सांगतं. पहिल्यांदा चार नंबरला "बोका" म्हणालं. ओवी खिदळली, यादीत एक ओळ सुटली होती. तोवर पोटदुखी कधी थांबली, हे घरात कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

शेवटच्या भेटीला बाबाही खाली सतरंजीवर बसले होते. मनी नंबर चार महिनाभर दिसली नव्हती आणि सोसायटीत एक नवा बोका आला होता. बाबा म्हणाले, "चार नंबर मोकळाच आहे, याला देऊन टाक."

"नाही बाबा. पिल्लांच्या पत्रिकांवर आई म्हणून चार लिहिलंय. मग हा बोका त्यांची आई होईल."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, आमच्या आवक-जावकला हेच. एकदा दिलेला नंबर परत कुणाला देत नाहीत." मग खिशातलं पेन काढून त्यांनी गठ्ठ्यातली एक कोरी पत्रिका ओढली आणि लेकीला विचारलं, "मग याला बारा टाकू?"